भरीव आकृती आणि स्वरांचा नकाशा

ध्वनिशास्त्रात स्वरांचा नकाशा काढण्याची प्रथा पाऊणशे वर्षांहून जुनी आहे. उच्चारलेल्या स्वराचे ध्वनिमुद्रण घ्यावयाचे, त्यातील पहिल्या दोन फॉर्मंटांची, म्हणजे मुखविवरातील अनुनादामुळे ज्या वारंवारतांच्या आसपास ध्वनीची ऊर्जा एकवटते त्यांची, मापे काढावयाची आणि ती दोन अक्षांवर मांडावयाची, एवढीच ती कृती. पूर्वी हे काम आलेखपत्रावर पेन्सिलीने होत असे. आता ते संगणकाच्या पडद्यावरील एका खिडकीत, आज्ञावलीच्या साह्याने होते. आणि बिंदूंचे पुंजके दाखविण्याऐवजी प्रत्येक स्वरासाठी रंगाने भरलेले एक लंबवर्तुळ काढण्याची रीत आपल्या विद्यार्थ्यांत रूढ झाली आहे. आकृती देखणी होते यात शंका नाही. तथापि रंग भरताना आपण नेमके कोणते विधान करीत असतो याचा विचार फारसा होत नाही. तो प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका चर्चासत्राचे. एका संशोधक विद्यार्थिनीने 'दिन' व 'दीन' यांसारख्या शब्दजोड्या काही मराठी भाषकांकडून वदवून घेऊन त्यांतील इकारांची मापे काढली होती. प्रश्न जुनाच आहे. आपल्या लेखनात ह्रस्व आणि दीर्घ इकार कसोशीने वेगळे राखले जातात. १९६२ च्या शासनमान्य लेखननियमांनी अंत्य इकार-उकार दीर्घ ठरविले. परंतु बोलण्यात हे दोन स्वर खरोखर वेगळे पडतात काय, आणि पडत असल्यास ते केवळ कालमानाने की स्वरगुणानेही, याचा निकाल कानाने सहज लागत नाही. तिने सादर केलेल्या नकाशात ईचे मोठे निळे लंबवर्तुळ होते आणि त्याच्या उजव्या अंगाला इची एक तांबडी कोर दिसत होती. पाऊण तास चर्चा झाली ती या कोरीवर. ह्रस्व इकाराचे क्षेत्र असे अर्धचंद्राकृती का, याची दोन कारणेही सुचविली गेली. त्यांतील एक, कबूल केले पाहिजे, प्रस्तुत लेखकाने सुचविले होते. शेवटी कोणीतरी आज्ञावलीतील दोन ओळींची अदलाबदल करावयास सांगितले. तसे करताच तांबडे लंबवर्तुळ पूर्ण झाले आणि कोर उरली ती निळी, डाव्या अंगाला. म्हणजे ज्या कोरीची आम्ही मीमांसा करीत होतो ती भाषकांच्या तोंडात नव्हती. आज्ञावलीत ईची ओळ इच्या ओळीनंतर लिहिली गेली होती, इतकेच.

ही चूक तिची एकटीची नव्हती. ती टाळावयाची तर खिडकीत भरीव आकृती कशी उमटते हे मुळापासून पाहिले पाहिजे. येथे उदाहरणासाठी पायथन ही भाषा आणि तिच्याबरोबर मिळणारा टिकिंटर हा संच घेतला आहे. टिकिंटर हे टीके या संचाचे पायथनमधील रूप होय. टीके बर्कली येथील जॉन ऑस्टरहौट यांनी १९९० च्या सुमारास तयार केला. याहून आधुनिक आणि समर्थ साधने पुष्कळ आहेत, पण याची घडण साधी असल्यामुळे मर्मे उघडी दिसतात. आज्ञांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत, यंत्राला ती रोमनमध्ये द्यावी लागतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला कदाचित ठाऊक नसेल की पायथनच्या ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, आपण स्वतः पाडलेली नावे देवनागरीतही चालतात. 'त्रिज्या' किंवा 'स्वर' असे नाव चलाला देण्यास हरकत नाही. भाषेचे अंगभूत शब्द मात्र इंग्लिशच राहतात.

प्रथम 'टीके' ही आज्ञा देऊन खिडकी निर्माण करावयाची. तिच्यात 'कॅनव्हास' नावाचे रेखाटनपट बसवावयाचे, रुंदी ६००, उंची ५००, पार्श्वभूमी पांढरी. 'पॅक' म्हणून ते खिडकीत मांडावयाचे. आणि सर्व आकृती काढून झाल्यावर अखेरीस 'मेनलूप' ही आज्ञा द्यावयाची. ही शेवटची आज्ञा विसरली तर आज्ञावली आपले काम संपवून निघून जाते आणि खिडकी दिसतच नाही, किंवा दिसली तर क्षणभर. येथपर्यंत विशेष काही नाही.

पटावरील अंतरे पिक्सेलांत, म्हणजे पडद्यावरील चित्रबिंदूंत मोजतात. आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. क्ष उजवीकडे वाढतो आणि य खाली वाढतो. शाळेत शिकलेल्या भूमितीहून हे उलटे असल्यामुळे गणिताचे विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ही मांडणी ओळखीची वाटावी. मार्टिन जोस यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'अकूस्टिक फोनेटिक्स' या प्रबंधात पहिला फॉर्मंट वरून खाली व दुसरा उजवीकडून डावीकडे वाढता दाखवून स्वरांचा नकाशा मांडला. असे केले की संवृत स्वर वर, विवृत स्वर खाली, अग्रस्वर डावीकडे आणि पश्चस्वर उजवीकडे येतात आणि नकाशा डॅनियल जोन्स यांच्या मानस्वरांच्या चौकोनासारखा दिसू लागतो. म्हणजे पडद्याचा य-अक्ष आपल्याला हवा तसाच आहे, उलटावयाचा आहे तो फक्त क्ष-अक्ष.

आकडे घ्यावयाचे तर ते कोणालाही पडताळता यावेत. गॉर्डन पीटरसन आणि हॅरल्ड बार्नी यांनी १९५२ साली अमेरिकन इंग्लिशच्या १० स्वरांची मापे प्रसिद्ध केली. भाषक ७६ होते: ३३ पुरुष, २८ स्त्रिया आणि १५ मुले. प्रत्येकाने प्रत्येक स्वर असलेला शब्द दोनदा म्हटला, म्हणजे एकंदर १,५२० उच्चार झाले. त्यांतील पुरुषांच्या सरासऱ्या पुढीलप्रमाणे आहेत. 'हीड' मधील स्वराचा पहिला फॉर्मंट २७० हर्ट्झ व दुसरा २,२९०. 'हिड' मधील ३९० व १,९९०. 'हूड' या दीर्घ उच्चाराच्या शब्दातील ३०० व ८७०. आणि अमेरिकन तोंडून जवळजवळ 'हाड' असा ऐकू येणाऱ्या शब्दातील ७३० व १,०९०. (या शब्दाचा आपल्या हाडांशी काही संबंध नाही.)

आता या हर्ट्झांचे पिक्सेल करावयाचे. चारी बाजूंना ५० पिक्सेलांचा समास सोडू. दुसरा फॉर्मंट २,६०० पासून ६०० पर्यंत, म्हणजे २,००० हर्ट्झ, ५०० पिक्सेलांत बसवावयाचा, तेव्हा एका पिक्सेलास ४ हर्ट्झ. पहिला २०० पासून ८०० पर्यंत, म्हणजे ६०० हर्ट्झ, ४०० पिक्सेलांत. एका पिक्सेलास दीड हर्ट्झ. म्हणून क्ष काढण्यासाठी २,६०० मधून दुसरा फॉर्मंट वजा करून ४ ने भागावे व ५० मिळवावे. य काढण्यासाठी पहिल्या फॉर्मंटातून २०० वजा करून दीडने भागावे व ५० मिळवावे. 'हीड' चा स्वर क्ष १२७.५, य ९६.७ येथे पडतो. 'हिड' चा २०२.५ व १७६.७ येथे, 'हाड' चा ४२७.५ व ४०३.३ येथे. कागदावर बोटाने दाखवून पाहिल्यास दिसेल की पहिला डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ आहे आणि शेवटचा उजवीकडे खाली. जीभ जेथे असते तेथेच.

या जागी एक भरीव वर्तुळ काढण्यासाठी टिकिंटरमध्ये 'क्रिएट ओव्हल' ही आज्ञा आहे. तिला केंद्र आणि त्रिज्या द्यावयाची नसते. आकृती ज्या आयतात बसावी त्याचे दोन समोरासमोरचे कोपरे द्यावयाचे असतात. त्रिज्या ८ हवी असेल तर केंद्राच्या दोन्ही निर्देशकांतून ८ वजा करून एक कोपरा मिळतो, ८ मिळवून दुसरा. पुढे 'फिल' या गुणाला रंग द्यावा, म्हणजे आतला भाग भरतो. 'आउटलाइन' हा गुण कडेच्या रेषेचा. 'फिल' ला काहीच दिले नाही तर ओव्हल पोकळ राहते आणि तिची कड काळी उमटते.

याच ठिकाणी भाषाशास्त्रज्ञाने थोडे थांबावे, कारण येथे व्याकरणाचा एक मौजेचा भेद आहे. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेल्या क्विकड्रॉ या संचात आज्ञांची नावे क्रियापद आणि नाम यांच्या जोडणीने बनत. क्रियापदे पाच: फ्रेम, पेंट, इरेज, इन्व्हर्ट, फिल. नामे सहा: आयत, ओव्हल, गोल कोपऱ्यांचा आयत, कंस, बहुभुज आणि प्रदेश. कोणतेही क्रियापद कोणत्याही नामाशी जोडावे. तीस रूपांची ही रूपावली इतकी नियमित आहे की संस्कृतच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा. जावा या भाषेतही हीच परंपरा आहे: 'ड्रॉ ओव्हल' म्हटले की कड निघते, 'फिल ओव्हल' म्हटले की भरीव आकृती. या सर्वांत रंग भरणे ही क्रिया आहे. ती घडली की संपली. पटावर रंग उरतो, पण 'ओव्हल' अशी वस्तू कोठेही उरत नाही. म्हणून जावात खिडकी झाकली जाऊन पुन्हा उघडी पडली की यंत्रणा 'पेंट कॉम्पोनंट' या कृतीला पुन्हा पाचारण करते आणि सर्व आकृती आरंभापासून काढावी लागते. ज्यांनी त्या कृतीबाहेर एकदाच रंग भरला त्यांची आकृती खिडकी लहान करून मोठी केल्यावर नाहीशी होते आणि ते संगणकाला दोष देतात.

टीकेच्या कॅनव्हासचे व्याकरण निराळे आहे. तेथे क्रियापद एकच, 'क्रिएट'. आणि 'फिल' हे विशेषण आहे. आज्ञा दिल्यावर एक वस्तू जन्माला येते, तिला एक क्रमांक मिळतो, ती कॅनव्हासच्या यादीत राहते, आणि पुढे केव्हाही त्या क्रमांकाने तिला हाक मारून तिचा रंग, जागा वा क्रम बदलता येतो. खिडकी झाकली-उघडली तर कॅनव्हास ही यादी आपणच पुन्हा रंगवितो. पहिल्या पद्धतीत आकृती हे एक उच्चारण आहे, दुसरीत ती कोशातील नोंद आहे, असे म्हटल्यास फार चूक होणार नाही. आपल्या कामाला दुसरी पद्धत सोयीची, कारण नोंदींचा क्रम नंतर तपासता येतो. चर्चासत्रातील दोन ओळींची अदलाबदल ज्या यादीत झाली ती हीच.

आत रंग भरणे म्हणजे यंत्र नेमके काय करते? पटाची एकेक आडवी ओळ घेऊन ती ओळ आकृतीच्या कडेला कोठे कोठे छेदते हे पाहिले जाते. पहिल्या आणि दुसऱ्या छेदाच्या मधले चित्रबिंदू रंगवायचे. दुसऱ्या व तिसऱ्याच्या मधले सोडावयाचे. तिसऱ्या व चौथ्याच्या मधले पुन्हा रंगवायचे. आयत, वर्तुळ, लंबवर्तुळ या बहिर्वक्र आकृतींत छेद दोनच येतात, म्हणून तेथे 'आत' कशाला म्हणावे हा प्रश्न पडत नाही. कड स्वतःलाच ओलांडू लागली की तो पडतो. एका रेषेने काढलेली पंचकोनी चांदणी घ्यावी: तिच्या मध्यभागी असलेला पंचकोन आत की बाहेर? छेद मोजून सम-विषम पाहणाऱ्या नियमाने तो बाहेर ठरतो व पांढरा राहतो. दुसरा एक नियम कड त्या बिंदूभोवती किती वेढे घेते हे दिशेसह मोजतो आणि बेरीज शून्य नसेल तर बिंदू आत मानतो. त्याने मधला पंचकोन भरतो, कारण कड त्याच्याभोवती दोन वेढे घेते. पायथनच्या कासव-रेखाटनाच्या माहितीपत्रकात तर चांदणीचा मधला भाग भरेल की नाही हे त्या त्या संगणकाच्या चित्रप्रणालीवर अवलंबून असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. एकच आज्ञावली, आणि दोन यंत्रांवर दोन आकृत्या.

हा भेद केवळ चांदण्यांपुरता नाही. आपण पडद्यावर वाचतो ते देवनागरी अक्षरही एक भरीव आकृतीच असते. ट्रूटाइप पद्धतीच्या अक्षरसंचात वेढे मोजणारा नियम चालतो. 'व' च्या पोटातील पोकळी कशी राहते? बाहेरची कड एका दिशेने व आतली उलट दिशेने काढलेली असते. पोकळीतील बिंदूभोवती एक अधिक आणि एक उणे मिळून शून्य होते. उलट शिरोरेषा आणि उभा दंड हे दोन स्वतंत्र पट्टे असतील व एकाच दिशेने काढले असतील तर जेथे ते एकमेकांवर येतात तेथे बेरीज दोन होते आणि जागा भरीव राहते. हेच अक्षर सम-विषम नियमाने भरणाऱ्या साधनाकडे दिले की दंड शिरोरेषेला मिळतो नेमका तेथे एक पांढरा चौकोन उघडतो. फलकांवर किंवा पत्रिकांवर असे भोके पडलेले मराठी अक्षर पुष्कळांनी पाहिले असेल व छपाईचा दोष समजून सोडून दिले असेल. छपाईचा त्यात काही अपराध नसतो.

आता लंबवर्तुळाकडे वळू. एखाद्या स्वराच्या अनेक उच्चारांचा पसारा दाखवावयाचा तर सरासरी हे केंद्र व प्रमाण विचलन हे अर्धे अक्ष धरून लंबवर्तुळ काढतात. समजा, पहिल्या फॉर्मंटाचे विचलन ३० हर्ट्झ आणि दुसऱ्याचे १२० आहे. आपल्या नकाशात पहिले २० पिक्सेल होतात व दुसरे ३०. केंद्राच्या दोन्ही अंगांना ३० आणि वर-खाली २० धरून 'क्रिएट ओव्हल' दिले की काम झाले असे वाटते.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की दोन फॉर्मंटांची मापे बहुधा परस्परांशी निगडित असतात, म्हणून बिंदूंचा पुंजका तिरपा असतो. आणि टीकेच्या ओव्हलला तिरपे होणे ठाऊक नाही. तिचे अक्ष सदैव आडवे व उभेच. तेव्हा तिरप्या लंबवर्तुळाच्या कडेवरील बिंदू, प्रत्येकी पाच अंशांनी ७२ घेतले तरी पुरेत, ज्या-कोटिज्येने काढून ते 'क्रिएट पॉलिगन' या बहुभुजाच्या आज्ञेला द्यावे लागतात. हे गणित हर्ट्झांत करावे आणि मिळालेला प्रत्येक बिंदू वरील सूत्रांनी पिक्सेलांत आणावा. कोन हर्ट्झांत काढून तोच पिक्सेलांत वापरला तर तो चुकतो, कारण दोन अक्षांची मापपट्टी निराळी आहे. शिवाय क्ष-अक्ष उलटलेला असल्याने तिरपेपणाची बाजूही पालटते. आमच्याकडे आलेल्या नकाशांतील निम्म्यांहून अधिक लंबवर्तुळे चुकीच्या बाजूला कललेली होती, आणि ती कोणाच्या नजरेस आली नाहीत, कारण भरीव रंगाखाली मूळ बिंदू दडले होते.

बहुभुजाची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. ओव्हलला रंग न सांगितल्यास ती पोकळ राहते. बहुभुजाला न सांगितल्यास तो काळ्या रंगाने भरतो आणि त्याला कड नसते. एकात जे अनुक्त असता पोकळ ते दुसऱ्यात अनुक्त असता भरीव. त्यामुळे ओव्हल काढून बहुभुज घातला की सुबक पोकळ नकाशाच्या जागी काळे ठिपके दिसतात आणि विद्यार्थी घाबरतो. 'फिल' ला रिकामी अक्षरमाला देऊन 'आउटलाइन' ला रंग द्यावा, म्हणजे झाले.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. एक प्रमाण विचलन म्हटले की ६८ टक्के, हे समीकरण सर्वांच्या मनात पक्के बसलेले असते. ते एका मापापुरते खरे आहे. दोन मापे एकदम घेतली आणि वितरण प्रसामान्य मानले तर एक विचलनाच्या लंबवर्तुळात सुमारे ३९ टक्केच उच्चार पडतात. दोन विचलनांच्या लंबवर्तुळात सुमारे ८६. आणि ९५ टक्के उच्चार सामावून घ्यावयाचे तर अर्धे अक्ष विचलनाच्या सुमारे २.४५ पट घ्यावे लागतात. आपल्या उदाहरणात ते ३० व २० ऐवजी ७३.५ व ४९ पिक्सेल होतील, आणि क्षेत्रफळ सहापट होईल. ज्या दोन स्वरांची लंबवर्तुळे लहान मापाने अगदी अलग दिसतात तीच मोठ्या मापाने एकमेकांत शिरू शकतात. आकृतीखाली माप लिहिलेले नसेल तर तिच्यावरून स्वर वेगळे आहेत की एक हे ठरविता येत नाही. पीटरसन आणि बार्नी यांनी आपल्या आकृतीत बिंदू तसेच ठेवून भोवती कुंपणासारख्या बंद रेषा ओढल्या होत्या. कोणता बिंदू कुंपणाबाहेर राहिला हे आजही वाचकाला पाहता येते. भरीव रंग ही सोय काढून घेतो. तो म्हणतो, कडेपर्यंत सर्वत्र सारखेच आहे आणि कडेबाहेर काही नाही. पुंजका मध्ये दाट असतो व कडेला विरळ होत जातो. पण सपाट रंगाला दाट-विरळ कळत नाही.

राहिला क्रम. कॅनव्हासची यादी वरून खाली रंगविली जाते, मागाहून आलेली वस्तू आधीच्यांना झाकते. हा नियम भिंत रंगविणाऱ्याचाच आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु स्वरांच्या नकाशात दोन क्षेत्रे एकमेकांवर येतात ती जागाच बहुधा संशोधनाचा विषय असते. 'दिन' आणि 'दीन' हे बोलण्यात एक झाले आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर त्या सामाईक जागेत आहे. आणि भरीव रंग ती जागा दोघांपैकी एकाला बहाल करून टाकतो. कोणाला, ते ओळींच्या क्रमावरून ठरते. आणि ओळींचा क्रम वर्णमालेवरून, फायलींच्या नावांवरून किंवा कोणते ध्वनिमुद्रण आधी मोजले यावरून ठरतो.

यावर सामान्यतः पारदर्शक रंगाचा उपाय सुचविला जातो. टीकेच्या कॅनव्हासमध्ये आकृतीला अर्धपारदर्शक रंग देण्याची सोय नाही. 'स्टिपल' नावाची जाळीदार भरण आहे, पण ती सर्व प्रणालींवर सारखी उमटत नाही. जावात किंवा क्यूटी या संचात मात्र पारदर्शकता मिळते. ती निर्दोष आहे असे मात्र समजू नये. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली प्रतिमांच्या मिश्रणाचे जे गणित मांडले त्यात वरची प्रतिमा खालचीवर ठेवण्याची क्रिया क्रमनिरपेक्ष नाही. पांढऱ्या पटावर अर्धा पारदर्शक तांबडा व त्यावर तितकाच पारदर्शक निळा घातला तर सामाईक जागेत अर्धा निळा, पाव तांबडा व पाव पांढरा उरतो. क्रम उलटला तर अर्धा तांबडा आणि पाव निळा. जागा दिसते खरी, पण तिचा रंग अजूनही शेवटी आलेल्याच्या बाजूने झुकलेला असतो. तीन स्वर एकत्र आले की सर्वांत खालच्याचा वाटा एक अष्टमांश राहतो. (पारदर्शक रंगात छापलेल्या मराठी शीर्षकांत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा जेथे जुळतात तेथे गडद ठिपके दिसतात, त्याचे कारणही हेच: दोन भरीव आकृत्या एकमेकींवर आलेल्या असतात.)

आमच्या विद्यार्थिनीने शेवटी अगदी साधा मार्ग घेतला. लंबवर्तुळांचा 'फिल' रिकामा केला, कडा दोन रंगांच्या ठेवल्या, आणि प्रत्येक उच्चारासाठी तीन पिक्सेल त्रिज्येचे एक भरीव वर्तुळ काढले. एवढे लहान वर्तुळ कोणत्याही क्षेत्राचा दावा करीत नाही. आपल्या मापपट्टीने ते आडवे २४ व उभे ९ हर्ट्झ अंतर झाकते, आणि मापनाची अनिश्चितता तितकी तर असतेच. बिंदूंचा क्रम तिने 'रँडम' संचातील 'शफल' या आज्ञेने पिसून घेतला, म्हणजे कोणताही एक स्वर सदैव वर राहू नये. दोन्ही कडांना तिने माऊसची कळ बांधली: कडेवर कळ दाबली की 'टॅग रेझ' ने त्या स्वराचे सर्व बिंदू वर येतात, दुसऱ्या कडेवर दाबली की दुसऱ्याचे. पुढच्या चर्चासत्रात ही खिडकी उघडून ठेवली होती. तांबडे वर आणले, निळे वर आणले. सामाईक जागेतील गर्दी दोन्ही वेळा तशीच राहिली. कोरीची दोन्ही कारणे आम्ही मागे घेतली, आणि बोलणे कालमानाच्या मोजणीकडे वळले, जी तिने अद्याप केलेली नव्हती.